तोक्तोचं मांजर

रुंतूआत्याच्या अंगणात रंगवायला बसणाऱ्या प्रत्येक बाईचा एक प्राणी ठरलेला होता. इपायचा कोल्हा. इपायच्या जावेचा सरडा. त्याचे डोळे बाहेर आलेले असत, अगदी जावेसारखेच, पण हे तिच्यासमोर कुणी म्हणत नसे. खुद्द रुंतूआत्याचा दातेरी देवमासा, ज्याला माणसासारखा एक हात होता आणि हातात सुरी. तोक्तोचं रानमांजर. अंगभर काळे चांदवे, शेपटीला कडी, जीभ बाहेर, आणि शेपटीच्या टोकाला चक्क घेवड्याची शेंग लोंबतेय. आणि मायवाकडे काय होतं, तर घोटायचा गोटा.

गोटा मात्र झकास होता. नदीच्या कोरड्या पात्रात सापडलेला, तळहातात बरोब्बर बसणारा. बायका वाडग्यांवर आपापले प्राणी काढायच्या, मग ते वाडगे मायवाकडे यायचे, आणि ती ते घोटून घोटून असे चकचकीत करायची की कोल्ह्याने त्यात आपलं तोंड बघून घ्यावं. रंगांची मातीसुद्धा तीच कुटायची, चाळायची, भिजवायची. प्राणी सोडून सगळं तिचं. जेवणाच्या वेळी प्रत्येक बाई आपला प्राणी असलेला वाडगा पुढे करायची, आणि मायवा सुकवलेल्या भोपळ्याची वाटी.

मायवा इथली नव्हती. ती समुद्राकडची, जाळी विणणाऱ्यांच्या वस्तीतली. चार वर्षांपूर्वी मावशीने तिला वर दरीत आणलं. मावशीचा नवरा जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा उपसायचं काम करायचा. दुसऱ्याच हिवाळ्यात मावशी तापाने गेली, नवरा पलीकडच्या दरीत कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि मायवा या अंगणात राहिली, पाहुणा गेल्यावर मागे राहिलेल्या गाठोड्यासारखी. टाकवतही नाही, आणि आत काय आहे ते उघडून बघायची कुणाला घाईही नाही.

कुणी तिला वाईट वागवत नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. वाईट वागवायलासुद्धा समोरचं माणूस दिसावं लागतं. बायका बोलायच्या त्या तिच्या डोक्यावरून, पलीकडच्या बाईशी. चटई अंगणाच्या मधोमध असायची आणि मायवा भिंतीकडे, रंगांच्या मडक्यांपाशी. मडकी तिथे होती म्हणून ती तिथे. त्यात कुणाचा डाव नव्हता.

एकटी तोक्तो तिच्याशी बोलायची. तशी तोक्तो सगळ्यांशीच बोलायची; ती झोपेतही गप्प बसत नाही अशी तिच्या आईची तक्रार होती. पण मायवा काही म्हणाली की ती खदाखदा हसायची, आणि तेवढ्यावर मायवाचा दिवस निघायचा.

"ए खारटे," ती चटईवरून शेंगदाणा फेकून मारायची, "आत्याच्या देवमाशाला हात आहे बघ. तू तर खरा पाहिलायस. खरंच असतो हात?"

"मी पाहिला तेव्हा पाण्याखाली होता."

"कोण, मासा?"

"हात. मासा वर होता. हात कशाला दाखवेल तो? सुरी असते त्यात."

"ऐकू येतंय मला," रुंतूआत्या मान वर न करता म्हणायची, आणि तोक्तो तोंडात पदर कोंबून हसायची.

तर त्या तोक्तोचं लग्न ठरलं. समुद्राकडचे लोक उंच मानेच्या लामांवर सुकी मासळी लादून मका न्यायला आले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने तोक्तोची थोडी चेष्टा केली, तिने त्याला दुपटीने परत केली, म्हातारा खूश झाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या पुतण्याशी तिची सोयरीक पक्की. पुढच्या पौर्णिमेनंतर ते पुन्हा येणार आणि तिला घेऊन जाणार.

तोक्तोने हे मायवाला विहिरीत सांगितलं. विहीर म्हणजे शंखासारखी गोल गोल खाली उतरणारी वाट, आणि तळाशी जमिनीखालून झुळझुळणारं पाणी. दुपारी वाळूचा वारा सुटला की दोघी तिथे जाऊन बसत. वारा डोक्यावरून निघून जाई.

"तुझ्याच मुलखात चाललेय मी," तोक्तो म्हणाली. "तुझ्या वस्तीच्या पुढची वस्ती. अगदी पुळणीवर राहतात म्हणे. सांग आता सगळं."

मायवाने सांगितलं. लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही. धुकं उतरलं की हाका मारत राहायचं, उत्तर आलं नाही तरी. मासळी वाळत घातली की पक्ष्यांना ओरडून हाकलायचं, भांडी वाजवायची नाहीत, कारण भांडी वाजली की होडीवाल्यांना वाटतं कुणीतरी बुडालं. ती सांगतच सुटली. इतकं ती या चार वर्षांत एका दमात बोलली नव्हती. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण हे जिला सांगतोय ती हे सगळं घेऊन निघून जाणार.

"आणि तिकडच्या बायका जेवतात कशात?" तोक्तोने विचारलं.

"भोपळ्यात."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. माती कुठाय तिकडे? नुसती वाळू."

"मग बरंय. म्हणजे मी वेगळी नाही दिसणार."

मायवाने पाण्यात बोटं बुडवली. वेगळं दिसायला वाडगा कशाला लागतो? बोलण्याचा हेल पुरतो. एक शब्द तोंडातून निघाला की अख्खं अंगण ओळखतं, ही आपली नव्हे.

आता इथे अंगणाचा नियम सांगायला हवा, कारण सगळी गाठ तिथेच बसली. अंगणातले प्राणी वाढत नसत. मनात आलं म्हणून कुणी नवा प्राणी काढायचा नाही. एखादी बाई मेली किंवा लग्न होऊन गेली, की तिचा प्राणी मोकळा व्हायचा. मग ज्या हाताला आपला प्राणी नाही अशा हाताने, ती जायच्या आधी, तो एका वाडग्यावर काढायचा आणि भट्टीत घालायचा. आगीतून प्राणी जसाच्या तसा बाहेर आला तर तो त्या हाताचा झाला. बिघडला, तर तो जुन्या मालकिणीबरोबर जायचा. मेलेलीबरोबर तिच्या खड्ड्यात, नवरीबरोबर तिच्या वाडग्यावर बसून नव्या घरी. पुन्हा प्रयत्न करायची सोय नव्हती. गेलेला प्राणी या अंगणात कुणी काढायचा नाही. इपायच्या बहिणीबरोबर असाच तो फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी वरच्या दरीत गेला होता, आणि तेव्हा जिने वाडगा बिघडवला तिला इपाय अजून दर जेवणाला शिव्या द्यायची.

त्या संध्याकाळी रुंतूआत्याने घास गिळला आणि सांगून टाकलं, "मांजर मायवा काढेल."

सगळ्या वळून भिंतीकडे बघू लागल्या. मायवाला आधी वाटलं मागे काहीतरी पडलं.

"हिला जमेल?" इपाय म्हणाली.

"न जमायला काय झालं? तोक्तोचं प्रत्येक मांजर हिच्या हाताखालून गेलंय. घोटणाऱ्या हाताला वळण ठाऊक असतं."

"घे गं बाई, घे," तोक्तो म्हणाली. "त्या शेपटीतली शेंग काढून काढून माझी बोटं वाकडी झालीत. तिकडे जाऊन मी नुसती लोळणार आहे." आणि ती हसली. जरा जास्तच वेळ हसली.

मायवाला मात्र असा आनंद झाला की तिला घास जाईना. चुलीमागून पळणारी, सशासारखी गुबगुबीत पाळीव कुईसुद्धा तिला मांजरासारखी दिसायला लागली. पुढचे दिवस ती मातीवर, पाण्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर बोटाने मांजरं काढत फिरत होती. कानापासून सुरुवात, मग कपाळ, मग मिशा. मी चटईवर बसणार. माझ्या वाडग्यात वाढणार. कुणी पलीकडे वाढायला जाईल तर म्हणेन, ए, माझं मांजर उपाशी आहे.

मग एका दुपारी ती एकटीच विहिरीवर पाणी आणायला गेली. वरच्या वळणावर ओल्या मातीत एक मांजर होतं. बोटाने काढलेलं, जीभ बाहेर, शेपटीला शेंग. खालच्या वळणावर आणखी एक, अर्धवट पुसलेलं. त्याच्या खाली आणखी. अगदी तळाशी तोक्तो उकिडवी बसून भराभर काढत होती. पावलं ऐकू आली तशी तिने पायाने सगळं सपाट केलं.

"काय करतेस?"

"मुंग्या होत्या."

"विहिरीत?"

"तुमच्या समुद्राकडच्या असतील. पोहत आल्या." पण डोळे तिने वर केले नाहीत.

मायवाने घागर भरली. तोक्तो कशी जाईल ते तिला लख्ख दिसलं. हातात काही नाही. भिंतीकडची जागा. डोक्यावरून चाललेलं बोलणं. आपण काही म्हणालो तर हसायला कुणी नाही, म्हणून हळूहळू काही म्हणणंच बंद. त्या घराचा कोपरा न् कोपरा मायवाला पाठ होता. कशाला समुद्रापर्यंत जायला हवं होतं?

घागर डोक्यावर घेऊन वर येईपर्यंत तिचं ठरलं. मांजर बिघडवायचं.

आणि ते तिच्याइतकं सोपं दुसऱ्या कुणाला नव्हतं. मांजराच्या अंगाला राखाडी माती लागते. तिच्या शेजारच्या मडक्यात डोंगरापलीकडून आणलेली दुसरी माती असायची, ओली असताना हुबेहूब तशीच राखाडी. भट्टीतून निघाली की विटेसारखी लाल. बायका त्या मातीला खोटारडी म्हणायच्या आणि मायवा वाटीत काढून देईल ती माती निमूट घ्यायच्या. कुंचला चुकीच्या वाटीत बुडवायचा, बस. अंगणात सगळ्या वा वा करतील, आणि दुसऱ्या दिवशी राखेतून निघेल लाल मांजर. लाल मांजर म्हणजे कोल्हा, आणि कोल्हा इपायचा. तोक्तो आपलं मांजर घेऊन जाईल. मायवाला दर जेवणाला शिव्या बसतील आणि एरवी सगळ्या तिला पुन्हा विसरतील, त्यात नवीन ते काय? हे ठरवल्यावर तिला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं की ती घोटताना गुणगुणायला लागली.

"कसला आनंद झालाय हिला," इपायची जाऊ म्हणाली.

रंगवायचा दिवस उजाडला. वारा सुटायच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळीच चटई अंथरली. मायवा सवयीने भिंतीकडे गेली.

"तिकडे कुठे?" रुंतूआत्या म्हणाली. "इथे ये."

इपाय डावीकडे सरकली, जाऊ उजवीकडे. मधे जेमतेम एका माणसाची जागा झाली आणि मायवा त्यात बसली, म्हणजे अक्षरशः खुपसली गेली. दोन्ही खांदे दोन बायकांना टेकले. इपायच्या अंगाला भाजलेल्या मक्याचा वास येत होता. समोर तोक्तो, कारण जाणारीने समोर बसायचं असतं. पुढ्यात पांढरा लेप दिलेला वाडगा, आणि रंगांच्या वाट्या. डावीकडची खरी राखाडी, उजवीकडची खोटारडी. दोन्ही मायवानेच भरून ठेवल्या होत्या.

"वेणी मागे घे, रंगात बुडेल," इपाय म्हणाली, आणि मायवाचे हात गुंतलेले बघून तिनेच वेणी उचलली, पाठीवर टाकली, वरून एक थाप मारली. मावशी गेल्यापासून मायवाच्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता.

तिने डोळे काढले. जीभ काढली, लाल. जीभ छान वळली.

"आता अंग," रुंतूआत्या म्हणाली.

लामाच्या केसांचा कुंचला मायवाने उजव्या वाटीवर धरला. तोक्तो वाडग्याकडे बघत होती. वाऱ्याचा आवाज अजून नव्हता, आणि कुंचला वाटीवर तसाच अडला होता.

"घाई नको," इपाय शेजारून म्हणाली. "मी पहिला कोल्हा काढला तेव्हा मला उलटी झाली होती. वाडग्यातच."

"आणि आत्या म्हणाली, रंग बरा आहे," जावेने जोड दिली.

सगळ्या हसल्या. हसताना इपायचा खांदा हलला आणि त्याच्याबरोबर मायवाचा, आणि तिच्याबरोबर जावेचा, एका अंगाला गुदगुल्या झाल्यासारखं. जरासं थांबू, असं मायवाच्या मनात आलं. एवढं हसणं होऊ दे. मग बुडवू. आणि तिचा हात डावीकडे गेला, कुंचला खऱ्या राखाडीत बुडला, आणि मांजराच्या पाठीवरून सपकन फिरला.

पाठ झाली तसं पोट करायलाच हवं होतं. पोट झालं तसे पाय. मग काळे चांदवे, शेपटीची कडी, आणि शेंग. शेंगेत दाणे फुगलेले दिसावेत म्हणून तिने बारीक रेघा दिल्या. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. खरं सांगायचं तर तेवढा वेळ तोक्तो तिच्या डोक्यातही नव्हती.

मान वर केली तेव्हा तोक्तो म्हणाली, "छान काढलंस गं."

वाडगा भट्टीत गेला, लामांच्या लेंड्या पेटल्या, दिवसभर धुमसल्या. दुसऱ्या सकाळी आत्याने काठीने राख बाजूला केली. मायवा मागे उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या हातचा रंग चुकलेला असावा अशी प्रार्थना केली. आत्याने वाडगा पदराने पुसून वर धरला.

मांजर राखाडी होतं. चांदवे काळेभोर, जीभ लालचुटूक, कुठे तडा नाही, कुठे डाग नाही. बायकांनी एकच गिल्ला केला. कुणीतरी मायवाला पाठीमागून गच्च धरलं. कोण ते तिने बघितलंही नाही.

"शेंग तर तोक्तोपेक्षा भारी आलीय," जाऊ म्हणाली.

"माझ्या शेंगेला नावं ठेवू नकोस हं, सरडे," तोक्तो म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. मग आत गेली, आपला वाडगा घेऊन आली आणि पाट्यावर आपटला. पहिल्या फटक्याला तो फुटलाच नाही. दुसऱ्यांदा आपटताना तिने डोळे मिटले होते.

प्राणी गेला की जुना वाडगा फोडायचा आणि कुटून नव्या मालकिणीच्या मातीत मिसळायचा असतो. कुटायचं काम मायवाचं. तिने कुटलं. एका खापरीवर मांजराचा आख्खा डोळा होता, तो तिने बाजूला ठेवला. शेवटी तोही कुटला.

पौर्णिमेनंतर समुद्राकडचे लोक आले. मायवा तोक्तोबरोबर कापसाच्या शेतांपर्यंत चालत गेली. सगळा रस्ता तोक्तो बडबडत होती. नवरा बुटका असल्याचं कळलंय, चालेल, उंच माणसाचं डोकं होडीच्या डोलकाठीला आपटतं. सासू खडूस असल्याचं कळलंय, चालेल, आपणही काही कमी नाही. शेताच्या कडेला ती थांबली.

"एक सांगू? राग मानू नकोस."

"सांग."

"मी रोज मनात म्हणायचे, हिचं मांजर लाल निघू दे. जेवताना, झोपताना. तू काढत होतीस तेव्हासुद्धा." तिने नाक ओढलं. "तुला एवढं हवं होतं, मला दिसत होतं, तरी म्हणायचे. वाईट आहे ना मी?"

मायवाला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. त्या दोन वाट्या, उजवीकडे गेलेला कुंचला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तोक्तो खदाखदा हसली असती कदाचित. नाहीतर समुद्रापर्यंतची वाट हेच उगाळत गेली असती, की फक्त एका हातभर अंतराने राहिलं.

"नाहीस," मायवा म्हणाली.

"तू म्हणजे ना. कुणी वाईट नसतंच तुझ्या मते."

म्हाताऱ्याने हाक मारली. तोक्तोने मायवाचा गाल ओढला, दुखेल असा, आणि पळत जाऊन लामांच्या रांगेत शिरली. तिथूनही तिचा आवाज येत राहिला. ती एका लामाशी भांडत होती, तू माझ्याकडे असा काय बघतोस म्हणून. मग वाट टेकडीमागे वळली.

मायवा अंगणात आली तेव्हा चटई भरली होती. इपायने मान वर न करता कोपर बाजूला घेतलं, तेवढीच जागा झाली. मायवा तिथे बसली.

"रडलीस?" इपायने विचारलं.

"वाळू गेली डोळ्यात."

"हं. आणि एवढं काय बोलत होती शेवटी? लांबून दिसत होतं, हातवारे चालले होते."

चटईवर सगळ्या थांबल्या. जावेने सरड्यावरचा हात उचलला, आत्यानेसुद्धा मान वर केली. सगळ्या मायवाकडे बघत होत्या. ती काय सांगते ते त्यांना खरंच ऐकायचं होतं.

"काही नाही," मायवा म्हणाली. "नवऱ्याचं चाललं होतं. बुटका आहे म्हणे."

सगळ्या फिदीफिदी हसल्या, आणि मग बुटक्या नवऱ्यांचा विषय निघाला. तो काही लवकर संपणारा नव्हता. इपाय तिला सांगत होती, जाऊ तिलाच विचारत होती, खरं ना गं मायवा, सांग तूच. मायवा हो हो म्हणत होती आणि मांजराच्या पाठीवर एकेक चांदवा काढत होती.